तीन हजार खोडं

"नाना, तुमची बाग मले एक दिवसासाठी पाहिजे," एवढं बोलून आमचा माणूस, म्हणजे माझा नवरा, जीवराम नानांच्या ओसरीवर मान खाली घालून उभा राहिला. मी मागे उभी होते. मला हसूही येत होतं आणि रागही.

नानांनी हातातला अडकित्ता खाली ठेवला. "बाग? एक दिवस? काहून रे तोताराम, केळीसंग लगीन लावतो काय?"

"नाही नाना. दिल्लीचा मोतीलाल येऊन राह्यला. मंगळवारी. बायकोले घेऊन."

"मंग येऊ दे की. चांगलं झालं."

"मंग..." इथं गाडी अडली. माणूस पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरायला लागला.

"सांगा ना आता," मी म्हटलं. "फोनवर तर तोंड लय चालते."

तोंड चाललं होतं ते पंचवीस वर्षांपूर्वी. आमचा माणूस केळी कापणारा. स्वतःची वीतभर जमीन नाही, पण रावेरपासून तापीच्या काठापर्यंत एकही बाग अशी नसेल की जिच्यात त्याचा विळा चालला नाही. आमच्याकडे ताटवाटीपासून विळ्यापर्यंत सगळ्यावर नाव घालून घेतात. नाव नसलं तर ती वस्तू घरचीच वाटत नाही. तर असा नाव घातलेला त्याचा विळा एकदा ट्रकमध्ये केळीच्या पानांत राहिला आणि घडांबरोबर थेट दिल्लीच्या मंडीत गेला. तिथं केळी पिकवायच्या खोलीत काम करणाऱ्या एका माणसाला तो सापडला. दुसरा कोणी असता तर भंगारात घालून मोकळा झाला असता. ह्यानं काय केलं, विळा कागदात गुंडाळला, वर दुकानाचा फोन नंबर लिहिला आणि हिलाल ड्रायव्हरच्या हाती परत पाठवला. तोच मोतीलाल.

गावात तेव्हा फोन एकच, नानांच्या ओसरीवर. आमच्या माणसानं आभार मानायला फोन लावला. पलीकडून पहिलाच प्रश्न आला, "भइया, कितना बड़ा बाग है आपका?" ह्यांनी सरळ सांगायचं ना, की बाबा मी कापणारा. पण नाही! उचलली जीभ लावली टाळ्याला. "तीन हजार खोड," म्हणाले. केळीची बाग आम्ही एकरात मोजत नाही, खोडांत मोजतो. आणि नानांची बाग तेव्हा बरोबर तीन हजार खोडांची होती.

मग काय, बी पेरलं की ते उगवतंच. महिन्या-दोन महिन्यांनी फोन. त्या बागेला विहीर आली, मोटर आली, बांधावर झाड आलं. हिलालच्या ट्रकमधून दिल्लीची रेवडी यायची, आमच्याकडून भरताची हिरवी वांगी जायची. एक वर्षी ऐन जूनच्या तोंडावर वादळ झालं आणि बाग आडवी पडली. ते कळल्यावर मोतीलालभाईंच्या बायकोनं आमच्या माणसासाठी लोकरीचं स्वेटर विणून पाठवलं. बाग पडली की माणसाला थंडी वाजते असं दिल्लीत मानत असतील. आमच्याकडे तेव्हा ऊन कसं, तर कोंबडीनं अंडं घातलं तर उकडलेलंच निघेल! पण स्वेटर आलं, आणि त्या दिवसापासून माझ्या जिवाला घोर लागला. बाई तिथं बसून खोट्या बागेसाठी खरी लोकर विणते, आणि आपण घालतो.

"सांगून टाका," मी किती वेळा म्हटलं असेल.

"रत्ना, आता कसं सांगू?" हे त्यांचं ठरलेलं. "एक गोष्ट खोटी निघाली तर तो म्हणेल, पंचवीस वर्षांचं बठ्ठंच खोटं, सगळंच. माह्याजवळ दुसरा कोण आहे असा?"

हे मात्र खरं होतं. केळी कापायच्या टोळीतली माणसं बरोबर काम करायची, बरोबर बिडी ओढायची, पण दोस्त म्हणावा असा एकच, आणि तोही हजार किलोमीटरवर. तो तुटला तर ह्या माणसाचं काय होईल, ह्या विचारानं मीही गप्प बसत आले.

हे सगळं आमच्या माणसानं नानांपुढं तुकड्या-तुकड्यानं ओकलं. नाना ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "फोन कुठी होता रे तवा?"

"आठीच. तुमच्या ओसरीवर."

"अन् मी कुठी बसे?"

माणसाचा चेहरा बघण्यासारखा झाला. नाना त्याच खाटेवर बसायचे. मोबाइल हातात येईपर्यंत प्रत्येक फोनला त्याच खाटेवर.

"बांधावरचा निंब तू आपल्या नावावर केला त्या दिशी," नाना म्हणाले, "मी आत जाऊन सुनंदाले सांगितलं, आज आपला निंब बी गेला वं."

आतून नानांच्या बायकोचं, सुनंदाबाईंचं हसू ऐकू आलं. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. पण नाना हसता हसता थांबले.

"वादळात बाग पडली त्या दिशी तू फोनवर रडला होता. मी नव्हतो रडलो. तवाच म्हटलं, हा खोटं बोलून राह्यला, पण लबाड नाही." मग अडकित्ता परत हातात घेतला. "घेऊन जाय बाग. गुरुवारी माह्या पोराचा, ललितचा माल निघणार आहे, तठी बठ्ठं बघाले भेटीन त्याले. पण अट एकच. त्या दिशी मी तुह्याकडं कामाले येईन."

"नाना, असं नका करू!"

"मालकानं मजुराले नाही म्हणू नाही," नाना म्हणाले आणि सुपारी कातरायला लागले.

मंगळवारी भुसावळ स्टेशनवर आम्ही दोन तास आधी जाऊन बसलो. जानेवारीचा महिना. आमच्या माणसानं ते स्वेटर घातलं होतं, कोपरावर मी दोनदा रफू केलेलं. गाडी आली. एक उंच, वाकलेला म्हातारा उतरला, गुडघे दुखत असावेत, पाय जपून टाकत होता. मागे त्यांची बायको बिमला, ठेंगणी, गोरी, हातात पिशव्याच पिशव्या. मोबाइलवर तोंडं बघितलेली होती, त्यामुळे ओळख पटायला वेळ लागला नाही. पण दोघे पुरुष समोरासमोर आले आणि नुसते उभे राहिले. पंचवीस वर्षांचा आवाज ओळखीचा, आणि माणूस नवीन! मिठी मारायची की नमस्कार करायचा हे काही ठरेना. शेवटी मोतीलालभाईंनी आमच्या माणसाचा उजवा हात धरला, उलटा केला आणि विळा धरून घट्टे पडलेला तळवा बघितला. चांगला न्याहाळून बघितला, ज्योतिषी बघतो तसा.

"हां," म्हणाले. "यही है."

मला वाटलं, दिल्लीकडे अशीच रीत असेल.

आमच्या माणसानं पाव्हण्यांना काय काय दाखवायचं याची यादी केली होती. चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम, हतनूरच्या धरणावरचे पक्षी, पालचं जंगल. गावातल्या बबलूची जीप सांगून ठेवली होती. पण ह्या पाव्हण्यांचं कुतूहलच निराळं. संगमावर नेलं तर मोतीलालभाई पाण्याकडे घटकाभर बघून हात जोडून मोकळे झाले, आणि काठावरून केळीची पानं भरलेला ट्रॅक्टर चालला होता त्याच्या मागं लागले. "ये पत्ता कौन काटता है? कब काटता है? माल के नीचे यही बिछता है?" ट्रॅक्टरवाला बिचारा गोंधळला. त्याला वाटलं, सरकारी माणूस आहे.

पक्षी बघायला नेलं तर म्हणाले, "भइया, वो जगह दिखाओ जहाँ से रेल भरती थी."

"तठी काही नाही हो आता," आमचा माणूस म्हणाला. "गवत आहे नुसतं. उधर कुछ नहीं, घास है."

"तो घास दिखाओ."

मग गेलो. पूर्वी रेल्वेच्या डब्यांतून केळी जायची, तेव्हा त्या रुळाशेजारी जत्रा भरल्यासारखी गर्दी असायची. आता तिथं दोन शेळ्या चरत होत्या आणि एक जण वाळू चाळत होता. मोतीलालभाई त्या गवतात जाऊन उभे राहिले. इकडे वळले, तिकडे वळले.

"डिब्बे का दरवाज़ा किस तरफ़ रहता था?"

आमच्या माणसानं हात करून दाखवलं. मोतीलालभाईंनी डोळे मिटले, मनातल्या मनात काहीतरी जुळवलं. "और हमारे यहाँ उस तरफ़ खुलता था," म्हणाले, आणि त्यांना एवढा आनंद झाला की शेळीवाल्यालाही दोन रेवड्या दिल्या.

बिमलाभाभीची तऱ्हा वेगळी. ती माझ्या चुलीपाशीच ठाण मांडून बसली. मी शाळेत पोरांची खिचडी शिजवते, पण चार दिवस शेजारच्या भिकुबाईला माझ्या जागी लावून सुट्टी घेतली होती. कळण्याची भाकरी थापताना भाभी माझ्या हातांकडे एकटक बघायची. पिठात ज्वारीबरोबर उडीद का, वांगं हिरवं का, त्याला टोचून आत लसूण का भरत नाही, ठेचा पाट्यावर का. मी म्हटलं, "माय वं, इतके प्रश्न तर माझ्या सासूनं बी नव्हते विचारले!" तिला अर्धं कळलं, पण हसली पोट धरून.

मग मी विचारलं. इतकी वर्षं मला विचारायचं होतं. केळी इथून हिरवी जाते ती मला माहीत, पण पुढं तिचं काय होतं? ती खोली कशी असते?

"अँधेरी," भाभी म्हणाली. "गरम. और ये घर आते तो कपड़ों से पके केले की ख़ुशबू आती. इतनी मीठी कि बच्चे लिपट जाते."

 आमचा माणूस घरी यायचा तेव्हा अंगाला कच्चा तुरट वास, आणि कपड्यांवर चिकाचे काळे डाग. केळीचा चीक एकदा कापडाला लागला की कापड फाटेल पण डाग जाणार नाही. तिनं धुतलेले कपडे आणि मी धुतलेले कपडे, त्याच केळीचे. मी तिला हे सांगितलं. मग आम्ही दोघी कितीतरी वेळ त्यावरच बोलत बसलो, साबण कोणता, सोडा किती.

बुधवारी संध्याकाळी आमच्या माणसाला घास गिळवेना. मी परसात नेऊन विचारलं, "आजारी पडता काय?"

"उद्या बाग आहे," तो म्हणाला. परीक्षेला बसणाऱ्या पोरासारखं तोंड. "रत्ना, तो लय बारीक बघते. गवत बी बघते. त्याले कळीन."

"चोराच्या मनात चांदणं," मी म्हटलं. पण माझ्या मनातही तेच होतं.

गुरुवारी सकाळी बागेत गेलो. आणि बांधावर बघते तर काय, जीवराम नाना! एरवी परीटघडीशिवाय घराबाहेर न पडणारा माणूस, आज फाटकी बंडी घालून, डोक्याला गमछा बांधून उभा! आम्हाला बघताच पुढं आले आणि आमच्या माणसाला वाकून राम राम केला.

"मालक, पाणी निंबाकडल्या ओळीले सोडू का विहिरीकडल्या?"

आमच्या माणसाचे कान लालभडक. "सोडा... सोड... तिकडंच," असं काहीतरी पुटपुटला. नाना "जी मालक" म्हणून गेले, आणि जाताना माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. सत्तर वर्षांचा माणूस! मी पदरात तोंड खुपसलं. पाणी ठिबकनं येतं, सोडायचं काय त्यात, पण दिल्लीवाल्याला काय कळणार.

पलीकडे नानांच्या मुलाचा, ललितचा, माल निघत होता. हल्ली घड आख्खा जात नाही. कापला की तिथंच त्याच्या फण्या सोडवायच्या, पाण्यात धुवायच्या आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात भरायच्या. बायका टाक्यांभोवती उभ्या होत्या. उरलेले दांडे बाजूला फेकलेले, हा एवढा ढीग.

आमचा माणूस पाठ केलेलं बोलायला लागला. हे खोड, हे पिल, खोड एकदाच फळतं मग त्याचं पिल वाढवायचं. आवाज नेहमीचा नव्हता. भाभी प्रत्येक गोष्टीला मान डोलवत होती. मी काट्याकुट्या गोळा करायला लागले, भरताला वांगी भाजायची होती. तेवढ्यात बघते तर मोतीलालभाई जागेवर नाहीत. ते त्या ढिगापाशी उकिडवे बसले होते. एक दांडा उचलायचा, कापलेलं टोक बघायचं, ठेवून द्यायचा. दुसरा उचलायचा. दहा-बारा बघितले.

"इनमें तोताराम का एक भी नहीं है," ते म्हणाले.

आमचा माणूस तिथंच थांबला.

"माझा म्हंजे?" त्यानं विचारलं. हिंदी-बिंदी सगळी विसरला.

मोतीलालभाईंनी जवळ बोलावलं. दांड्याच्या टोकावर बोट ठेवून सांगायला लागले, आणि मला अजून शब्द अन् शब्द आठवतो. मंडीत त्यांचं काम एकच, आलेला घड दांड्याला दोरी बांधून खोलीत टांगायचा. दांडा चिकानं बुळबुळीत. दोरी सरकायची, घड खाली यायचा. एकदा पायावर पडून अंगठ्याचं नख गेलं ते गेलंच. आणि मग एका वर्षी घड यायला लागले, ज्यांचा दांडा एका घावात तिरका कापलेला, आणि टोकाखाली चार बोटांवर एक खाच. बोटभर खाच. दोरी बरोबर तिच्यात बसायची. काही केल्या सरकायची नाही.

"मैं सोचता था, ये कौन है," ते म्हणाले. "किसको पड़ी है वहाँ, कि यहाँ किसी का घड न गिरे? फिर एक दिन पत्तों में हँसिया मिला. खाच में लगाकर देखा. बराबर बैठा. नाम पढ़वाया. तोताराम."

मी माझ्या माणसाकडे बघितलं. तीस वर्षं मी ह्याला बोलले होते. टोळीत सगळ्यांत हळू हाच. बाकीचे चार वाजता घरी, हा दिवेलागणीला. टोळीवाले हसायचे, मी रागवायचे, आळशाला गंगा दूर असं सासरच्यांच्या देखत म्हटलेलं आहे मी. आणि ह्यानं एका शब्दानं कधी सांगितलं नाही.

"काहून करत होते हो ते?" मी विचारलं.

"हिलाल बोलला होता एकदा, चहाच्या टपरीवर," तो म्हणाला. "की तठी एक माणूस आहे, त्याच्या पायावर घड पडते. मंग मले कापताना तेच दिसे."

भाभीनं डोळ्याला पदर लावला. मी तर तिथंच दांड्यांच्या ढिगावर बसले. चीक लागला असेल नवीन लुगड्याला, लागू दे म्हटलं.

पण आमच्या माणसाला दुसरीच धास्ती. तो हळूच म्हणाला, "मोतीलालभाई, खाच तो सब घड पे थी..."

"सब पे," मोतीलालभाई म्हणाले. "हर मालिक के माल पे. दांडे पर गेरू का निशान अलग-अलग, खाच एक." आणि हसले. "जिसका अपना तीन हज़ार का बाग हो भइया, वो सबके बाग में क्यों काटेगा?"

टाक्यांवरच्या बायकाही थांबल्या होत्या. नाना निंबाखाली हातात फावडं घेऊन उभे. आमच्या माणसानं मान खाली घातली ती वर येईना. मला वाटलं, झालं. आता हा दोस्त गेला.

"पहिल्या दिवसापासून म्हाइत होतं?" त्यानं खालीच बघत विचारलं.

"पहले फ़ोन से."

"मंग बोलले काहून नाही?"

मोतीलालभाईंनी भाभीकडे बघितलं. भाभीच बोलली. म्हणाली, आमची मंडीमागे एक खोली. खिडकी नाही. चार पोरं तिच्यातच वाढवली. हे फोन करून आले की मुलं विचारायची, आज बाग कशी आहे? मग हे सांगायचे, विहिरीला पाणी आलं, निंबाला मोहोर आला, ओळीत मोर येऊन गेला. पोरं ऐकत ऐकत झोपायची. आम्हाला माहीत होतं, बाग तोताराम भाईंची नाही. "पर हमारा भी तो वही एक बाग था, बहन. सच बोल देते तो दोनों का जाता."

"और जब तूफ़ान में गिरा," मोतीलालभाई म्हणाले, "तो मेरी छोटी वाली ने रोटी नहीं खाई."

 आमचा माणूस रडत होता, लहान मुलासारखा, नाक स्वेटरच्या बाहीला पुसत. मीही रडले. लाज कसली त्यात.

शेवटी नानाच पुढं आले. डोक्याचा गमछा काढला, फावडं निंबाला टेकवलं. "मी जीवराम," मोतीलालभाईंना म्हणाले. "बाग माझा है. मगर फोन भी मेरा था, मैंने सब सुना है. तो जितना तुम्हारा, उतना मेरा." मग ललितच्या माणसाच्या हातातला विळा घेतला आणि आमच्या माणसापुढं धरला. "काप. कोणता बी घड. तुले पाहिजे तो."

"नाना, हात थरथरते आता. पाच वर्षं झाली विळा सोडून."

"मालकानं नाही म्हणू नाही," नाना म्हणाले.

तो बागेत शिरला. आम्ही सगळे मागे. दोन ओळी सोडून तिसऱ्या ओळीत एका घडापाशी थांबला, केळ्याच्या शिरा बोटानं चाचपल्या. मोतीलालभाईंनी खांदा खाली दिला. "गुडघे दुखतात ना तुमचे," मी म्हटलं, पण ऐकतं कोण. विळा फिरला. एका घावात नाही, दोन घाव लागले. घड मोतीलालभाईंच्या पांढऱ्या कुडत्यावर बसला, चीक टपटप गळला. आणि आमच्या माणसानं विळ्याचं टोक वळवून, चार बोटं मोजून, खाच घातली. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

भरीत खाल्लं त्या दिवशी निंबाखाली, केळीच्या पानांवर. नाना मजुरासारखे शेवटी बसले, आणि सगळ्यांत जास्त जेवले.

घड घरी आणला. आणि तेव्हा मला कळलं की ज्या माणसानं चाळीस वर्षं केळी कापली, त्यानं एकदाही घड टांगला नव्हता. कापायचा आणि ट्रकमध्ये द्यायचा, पुढचं त्याला माहीतच नाही. मोतीलालभाईंनी पत्र्याच्या आढ्याला दोरी बांधली, फास कसा घालायचा ते दाखवलं. दोघे म्हातारे स्टुलावर आळीपाळीनं चढले. दोरी खाचेत बसली. मोतीलालभाईंनी हात सोडला, घड एकदा हलला आणि थांबला. आमचा माणूस किती वेळ खाली उभा राहून वर बघत होता.

"असं होते होय तठी," म्हणाला.

शनिवारी ते गेले. भुसावळला गाडीत बसवताना भाभीनं मला विचारलं, कुडत्यावरचा डाग कशानं जाईल? मी म्हटलं, जाणार नाही. "अच्छा है," ती म्हणाली, आणि गाडी सुटली.

घड आठ-दहा दिवसांनी वरून पिवळा व्हायला लागला. पहिली फणी नानांकडे पाठवली, दुसरी शाळेतल्या पोरांना, तिसरी चोपड्याला लेकीकडे. महिन्याभरात सगळा संपला. आता नुसता दांडा उरलाय आढ्याला, वाळून काळा पडलेला. भिकुबाई परवा म्हणाली, काढून टाक की वं तो, चिलटं होतात. मी म्हटलं, असू दे.

रोज संध्याकाळी फोन येतो. इकडचं-तिकडचं बोलणं होतं, गुडघ्याचं, थंडीचं. मग शेवटी मोतीलालभाई न चुकता विचारतात, "रस्सी सरकी तो नहीं?" आमचा माणूस फोन हातात धरून उठतो, आढ्याखाली जातो, मान वर करून नीट बघतो.

"नाही," सांगतो. "बराबर है."